2024 च्या निवडणुकांचा तक्ता मांडताना

प्रिय अभ्यासका,

एकाच वर्षात साठहून अधिक देशांनी राष्ट्रीय पातळीवर मतदान केले आणि तुझ्या टिपणाची पहिलीच ओळ आहे, ‘जगभर सत्ताधारी हरले.’ ही ओळ तूर्त खोडून ठेव. ती पूर्ण चुकीची नाही. पण मेक्सिकोत सत्ताधारी मोरेना पक्षाच्या क्लाउडिया शेनबाउम साठ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन जिंकल्या. तैवानमध्ये सत्ताधारी पक्षाने अध्यक्षपद राखले आणि संसदेतले बहुमत गमावले. ही दोन नावे ‘हरले’ आणि ‘जिंकले’ यांपैकी कोणत्या रकान्यात टाकणार? त्याआधी तक्ताच वेगळा आखावा लागेल.

प्रत्येक देशापुढे आधी दोन गोष्टी लिही: निवडणूक अध्यक्षाची की संसदेची, आणि मतांच्या जागा कोणत्या नियमाने होतात. मग सत्ताधाऱ्यांची मतांची टक्केवारी आणि जागा, दोन्ही मागच्या निवडणुकीसह. नियमाचा रकाना वगळलास तर बाकीचे आकडे फसवतील. भारतात भाजपच्या जागा 303 वरून 240 वर आल्या, मते मात्र एका टक्क्याच्या आतबाहेरच घटली. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाची मते 32.1 वरून 33.7 टक्क्यांवर गेली आणि जागा 202 वरून थेट 411 झाल्या. ब्रिटनमध्ये मोठी घसरण झाली ती सत्ताधारी हुजूर पक्षाची, 43.6 वरून 23.7 टक्क्यांवर, त्यातली बरीच मते रिफॉर्म पक्षाकडे वळली आणि मतदारसंघामागून मतदारसंघात मजूर पक्षाचा उमेदवार पहिला आला. रिफॉर्मला स्वतःला 14.3 टक्के मतांवर पाचच जागा मिळाल्या. हे दोन्ही देश ‘ज्याला सर्वाधिक मते तो विजयी’ या पद्धतीचे. याच पद्धतीने महाराष्ट्रात लोकसभेला महायुतीला 17 आणि महाविकास आघाडीला 30 जागा दिल्या, मतांतला फरक एक टक्काही नसताना. आता दक्षिण आफ्रिका बघ. तिथे जागा मतांच्या प्रमाणात वाटतात. सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस 57.5 वरून 40.2 टक्क्यांवर घसरली आणि 400 पैकी 230 जागांच्या 159 झाल्या. मतदार किती दुरावला, हे तिथे जागांवरूनही कळते. भारत आणि ब्रिटनमध्ये ते मतांच्या रकान्यातच शोधावे लागते.

दोन फेऱ्यांच्या देशात दोन्ही फेऱ्यांचे आकडे वेगळे ठेव. फ्रान्समध्ये संसदेच्या निवडणुकीत नॅशनल रॅली हा अतिउजवा पक्ष पहिल्या फेरीत पुढे होता. दुसऱ्या फेरीआधी आपली मते फुटू नयेत म्हणून त्याच्या विरोधकांनी दोनशेहून अधिक उमेदवार मागे घेतले आणि तो पक्ष जागांत तिसरा आला. फक्त अंतिम निकाल नोंदवलास तर ही सारी हालचाल नाहीशी होते.

श्रीलंकेचा आकडा तर हमखास चुकतो. तिथे पसंतीक्रमाने मतदान होते. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघामुळे ही पद्धत ओळखीची आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विजयी झालेले अनुरा कुमारा दिसानायके यांना पहिल्या मोजणीत 42.31 टक्के मते मिळाली. कोणीच निम्म्यापुढे न गेल्याने तिथे पहिल्यांदाच पुढच्या पसंतीची मते मोजली गेली, आणि त्यांच्या खात्यात सुमारे 1 लाख 5 हजार मतांची भर पडली. काही ठिकाणी त्यांच्यापुढे 55.89 टक्के दिसेल. तो हिस्सा बाकीचे बाद झाल्यावर उरलेल्या दोन उमेदवारांपुरताच आहे, एकूण वैध मतांतला नाही. तुझ्या तक्त्यात 42.31 च घे.

मतदानाची टक्केवारी कशावर काढली आहे, तेही दरवेळी तपास: नोंदणीकृत मतदारांवर की मतदानास पात्र लोकसंख्येवर? ब्रिटनचे 59.7 टक्के नोंदणीकृत मतदारांवर आहेत. त्याला 33.7 टक्क्यांनी गुणलेस तर कळेल की दर पाच नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण एकानेच मजूर पक्षाला मत दिले. अमेरिकेचा आकडा सहसा पात्र लोकसंख्येवर काढतात. तो ब्रिटनच्या शेजारी तसाच ठेवू नकोस. शिवाय रात्रीचे आकडे कधीच अंतिम धरू नकोस. आपल्याकडे 19 एप्रिलच्या पहिल्या टप्प्याचा 66.14 टक्के हा आकडा आयोगाने 30 एप्रिलला दिला. अमेरिकेत निकालाच्या रात्री ट्रम्प पन्नास टक्क्यांच्या वर दिसत होते. कॅलिफोर्नियाची मोजणी काही आठवडे चालली आणि ते 49.8 वर स्थिरावले.

आता सर्वांत महत्त्वाचा रकाना, जो बहुतेक जण ठेवतच नाहीत: मतपत्रिकेवर कोण नव्हते? रशियात पुतिन यांना 87 टक्के मते मिळाली, पण युद्धविरोधी भूमिका घेणाऱ्या बोरिस नादेझदिन यांची उमेदवारी आयोगाने आधीच नाकारली होती. बांगलादेशात बीएनपी या मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार घातला होता. पाकिस्तानात इम्रान खान यांच्या पक्षाचे बॅटचे चिन्ह गेल्याने त्यांचे उमेदवार अपक्ष म्हणून लढले. सरकारी तक्त्यावर विसंबलास तर सर्वाधिक जागा ‘अपक्षां’च्या दिसतील आणि तो पक्ष दिसणारच नाही. व्हेनेझुएलाच्या आयोगाने सत्तेतले अध्यक्ष मादुरो विजयी असे जाहीर केले, पण मतदान केंद्रनिहाय आकडे दिले नाहीत. विरोधकांनी गोळा केलेल्या मोजणीपत्रकांत निकाल उलटा होता. तिथे टक्केवारी लिहू नकोस, ‘निकाल वादग्रस्त’ एवढेच लिही. रुमानियात अध्यक्षपदाच्या निवडणुकीची 24 नोव्हेंबरची पहिली फेरी घटनात्मक न्यायालयाने 6 डिसेंबरला रद्द केली. फेरनिवडणूक 2025 मध्ये झाली, म्हणून ती ओळ 2025 च्या तक्त्यात ने.

आधी भारत, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका या तीनच ओळी पूर्ण करून पाठव. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या तारखेच्या कोणत्या अधिकृत निकालपत्रातून घेतला ते नोंदव. बाकीचे देश नंतर.