दारू पीत नाही, तरी एसजीपीटी वाढलं कसं?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, पण घणसोलीचं एक जोडपं मनात राहिलंय. नवरा पस्तिशीचा, ऐरोलीत आयटीत, बहुतेक नाईट शिफ्ट. कंपनीच्या चेकअपमध्ये एसजीपीटी ११८ आणि एसजीओटी ६२ आलं (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम्स), लॅबच्या कागदावर नॉर्मल साधारण ४० पर्यंत. बायकोने कागद बघितला आणि म्हणाली, "खरं सांग, ऑफिसच्या पार्ट्यांना घेतोस ना तू?"

तो माळकरी घरातला, थेंबाला शिवत नाही. पण तिचे वडील दारूने लिव्हर खराब होऊन गेलेले, त्यामुळे तिला वाटलं तेच दुखणं परत घरात शिरलं. आणि हा दर चार दिवसांनी वेगळ्या लॅबमध्ये रक्त द्यायला लागला, कधी १०४ कधी १२५, झोप गेली, जेवण गेलं, घरात कोणी कोणाशी बोलेना.

मी डॉक्टर नाही, म्हणून आधी दोघांना एकत्रच डॉक्टरांकडे पाठवलं, मुद्दाम एकत्र. तिच्यासमोर डॉक्टर म्हणाले की दारूने लिव्हर बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा एसजीओटी जास्त असतं, इथे उलटं आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही पण संशय घ्यायचं कारण नाही. कावीळ बी आणि सीच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेली, निघालं.

पुढच्या सेशनला मी त्याला म्हटलं, दिवसभरात तोंडात जे जातं ते सगळं लिहून आण, गोळी, पावडर, घरगुती काहीही. त्यात निघाला गुळवेलीचा काढा! कोरोनापासून आई रोज सकाळी प्रेमाने देत होत्या, तो औषध आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं म्हणून डॉक्टरांना सांगितला नव्हता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण ह्याच्या डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितलं. आईंना वाईट वाटलं, त्यांना मी भेटायला बोलावलं, कारण दोष द्यायचा नव्हताच, ती माया होती.

वजन ८४ किलो, त्यातलं सहा-आठ किलो हळूहळू उतरवायचं, उपाशी राहून नाही. दर चार दिवसांची टेस्ट बंद, डॉक्टर सांगतील तेव्हाच. हां, पण डोळे पिवळे, लघवी गडद किंवा उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी सगळ्यांनाच सांगते.

तीन महिन्यांनी एसजीपीटी ५८ आलं. अजून नॉर्मल नाही, पण त्या दिवशी बायको पहिल्यांदा तिच्या वडिलांबद्दल बोलली, अर्धा तास, आणि नवरा शेजारी बसून नुसता ऐकत होता.