नत्र 'स्थिर' करतात म्हणजे नक्की काय करतात?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या प्रेअरीबद्दल, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ माळरानांबद्दल वाचताना 'तिथल्या वनस्पती नत्राचं (म्हणजे नायट्रोजनचं) स्थिरीकरण करतात' असं वाक्य आलं, पण स्थिर म्हणजे जागचं न हलणारं, मग ते झाडाला मिळतं कसं?

शंका रास्त आहे. घोळ इंग्रजीतल्या त्या जुन्या 'फिक्स'चा, स्थिरीकरण हे त्याचंच भाषांतर. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाने चुनखडीत अडकलेल्या वायूला 'फिक्स्ड एअर' म्हटलं (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड), तर फिक्स होणं म्हणजे वायूचं मोकाट फिरणं थांबून तो कशात तरी बांधला जाणं. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट चिकटून असतात की झाडाला काडीचा उपयोग नाही, ती जोडी रायझोबियमसारखे जिवाणू फोडतात, अमोनिया करतात, मग झाडाला तो वापरता येतो. आपण शब्द जसाच्या तसा उचलला, पुस्तकात रुळलाय, राहू दे. बोलताना मी 'नत्र धरणं' म्हणतो. बाग बहार धरते, पोर बाळसं धरतं, तसं.

हे रायझोबियम मुळांवरच्या गाठींत राहतात, पण 'मुळांवरच्या गाठी' सरसकट लिहू नका. प्रेअरीतल्या लेडप्लांट, पर्पल प्रेअरी क्लोव्हर या शेंगवर्गीय वनस्पतींना गाठी येतात, बिग ब्लूस्टेम हे तिथलं उंच गवत, त्याला येत नाहीत, गवतांच्या बाबतीत 'मुळांभोवतीचे जिवाणू' एवढंच म्हणायचं. (लेडप्लांटला तिकडे 'प्रेअरीची बुटाची नाडी' असंही नाव आहे, नांगराखाली त्याची चिवट मुळं तटातट तुटायची म्हणून. काय नाव आहे!)

गाठ शब्दही जरा जपून, कारण सूत्रकृमीच्याही (मुळांना लागणारे मातीतले बारीक किडे) गाठीच. हरभरा उपटून बघा, जिवाणूची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली, बोटाने सहज सुटते, नखाने चिरली की आत गुलाबी. सूत्रकृमीत मूळच सुजतं, ते सुटत नाही.

आणि कुणीतरी 'स्थिरीकरणा'ऐवजी 'बेवड' सुचवलंय. झकास शब्द, हरभऱ्याच्या बेवडावर पुढचं पीक चांगलं येतं म्हणतात ना, पण तो आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण झाला, नत्र धरण्याची क्रिया नाही. शिवाय राखलेल्या प्रेअरीत पेरतंय कोण? ती नांगरून जिथे सोयाबीनवर मका घेतात, इलिनॉय, आयोवात वगैरे, तिथे खुशाल बेवड लिहा.