‘मारलं असेल’, ‘मारलं असावं’, ‘मारलं असणार’

प्रश्न असा आहे: घरात एखाद्या बाईचा संशयास्पद मृत्यू झाला की चर्चेत ‘नवऱ्यानंच मारलं असेल’, ‘मारलं असावं’, ‘मारलं असणार’ अशी तिन्ही वाक्यं ऐकू येतात. त्यांत अर्थाचा फरक आहे की नुसती बोलण्याची लकब?

फरक आहे, आणि चांगला ठळक आहे. ‘असेल’ हा मोकळा अंदाज. त्याला आधार हवाच असं नाही. ‘असेल नाहीतर नसेल’ म्हणून बोलणारा सुटतो. ‘असावं’ हे विध्यर्थाचं रूप. कर्तव्य आणि इच्छेसोबत विध्यर्थ तर्कही दाखवतो. सकाळी अंगण ओलं दिसलं की आपण ‘रात्री पाऊस पडला असावा’ म्हणतो. समोर काहीतरी खूण आहे आणि तिच्यावरून कारणाकडं गेलो, एवढं या रूपात येतं.

‘असणार’ची गंमत वेगळी. त्याला समोर खूण लागतच नाही, जगाची रीत माहीत असली की भागतं. ‘आठ वाजले, पोचला असणार तो’ हे आपण घड्याळाकडं बघून म्हणतो. ‘नवराच असणार, दुसरं कोण?’ यातही पुरावा त्या घरातला नसतो. एकूण नवरे-सासरे या जातीबद्दल बोलणाऱ्याचं जे मत आहे, तोच पुरावा. आणि कानाला मात्र तिन्हींत हेच रूप सगळ्यात खात्रीचं वाटतं! चर्चा तापत जाते तसं ‘असावं’ मागं पडून ‘असणार’ पुढं येतं, ते बहुधा यामुळंच.

याच्याही पलीकडं ‘असलंच पाहिजे’ आहे: दुसरी शक्यताच उरली नाही, म्हणून हा निष्कर्ष. न्यायालयाला लागतं ते हे रूप. ही माझी कल्पना नव्हे. 1973 मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटलं की आरोपी दोषी ‘असू शकेल’ एवढ्यावर शिक्षा देता येत नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’. आणि ‘मे बी’पासून ‘मस्ट बी’पर्यंतचं अंतर लांबचं आहे.

अकरा वर्षांनी हाच धागा पुण्यातल्या एका प्रकरणात आला, आणि तुमच्या प्रश्नाला ते प्रकरण अगदी चपखल बसतं. 1982 च्या जूनमध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक तरुणी सासरी पोटॅशियम सायनाइडनं मरण पावली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली दुःखी पत्रं होती. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नाही, सगळा पुरावा परिस्थितिजन्य. पुण्याच्या सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये त्याला सोडलं. त्याच पत्रांमधून तिचं हळवं, खचलेलं मन दिसतं आणि आत्महत्येची शक्यता पुसली जात नाही, असा त्यांचा अर्थ लागला. हाच शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा गाजलेला निकाल. न्यायमूर्ती फझल अली यांनी त्यात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना चक्क ‘पंचशील’ म्हटलं. पहिल्याच कसोटीत त्यांनी नोंदवलं आहे की ‘सिद्ध होऊ शकेल’ आणि ‘सिद्ध झालंच पाहिजे’ यांतला फरक नुसता व्याकरणाचा नाही, कायद्याचाही आहे. व्याकरणाच्या माणसाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं मिळणार? (हा ‘मिळणार’ निराळा, बरं.)

यावर कुणी म्हणेल, घराच्या चार भिंतींआड घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार आणायचा कुठून? रास्त आहे. त्रिमुख मारोती किरकन खटल्यात, 2006 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ही अडचण मान्य केली. घरात हजर असलेल्यांनी काय घडलं याचा खुलासा द्यायला हवा. गप्प बसले किंवा खोटा खुलासा दिला, तर ती पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी होते. पण आणखी एक. आधीच्या कड्या सरकार पक्षानंच जोडायच्या. ‘तो घरातच होता ना’ एवढ्या एका कडीला कुणी साखळी म्हणत नाही.

जाता जाता ‘म्हणे’बद्दल. ‘गळ्यावर वळ होते म्हणे.’ या दोन अक्षरांनी मराठी माणूस सांगून टाकतो की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. ऐकीव माहिती कोर्टात सहसा पुरावा ठरत नाही, तिथं ‘म्हणे’ला उभंही करत नाहीत. बोलण्यात मात्र ते फार उपयोगी आहे, अडचण एवढीच की ते टिकत नाही. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य गेलं की ‘म्हणे’ गळतं आणि ‘गळ्यावर वळ होते’ एवढंच उरतं. मग शवविच्छेदनाचा अहवाल यायच्या आधीच वळांची लांबी-रुंदी चर्चेत येते.

बातमीदारांनी यासाठी ‘कथित’ धरला आहे, तोही बरेचदा चुकीच्या जागी. ‘कथित मृत महिला’ असं छापलेलं वाचलं आहे. बाई गेली यात कथित काही नाही. आरोप कथित आहे. मृत्यू खून होता की नाही हे ठरलं नसेल तर ‘संशयास्पद मृत्यू’ लिहावं. खून नक्की असून कोणी केला हे ठरायचं असेल तर ‘खुनाचा आरोप असलेला पती’. आणि ‘तथाकथित’ इथं अजिबात नको, त्यात हेटाळणी आहे.