वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉपवर कायम उघडे राहणारे टर्मिनल

प्रश्न : मी लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप-वातावरण वापरतो. पूर्वी डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) शीर्षकपट्टीशिवाय, इतर सर्व खिडक्यांच्या मागे, कायम उघडे ठेवत असे. त्यासाठी खिडक्या हलवणारी ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ (wmctrl) ही आज्ञा वापरणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. प्लाझ्मा ६ वर आल्यापासून त्या स्क्रिप्टचा काहीच परिणाम होत नाही. घड्याळाचे विजेट जोडतात तसे टर्मिनलचे विजेट जोडता येईल का?

उत्तर : आपल्या स्क्रिप्टमध्ये चूक नाही, ती ज्या व्यवस्थेवर उभी होती ती व्यवस्था बदलली आहे. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या एक्स११ या जुन्या पद्धतीत कोणताही प्रोग्राम दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामची खिडकी हलवू शकत असे किंवा सर्वांच्या मागे ढकलू शकत असे, आणि आपली आज्ञा नेमके तेच करत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून वेलँड या नव्या पद्धतीचे सत्र ही मूळ निवड झाली. वेलँडमध्ये ही मोकळीक सुरक्षिततेसाठी मुद्दाम काढून घेतलेली आहे : सर्वसाधारण प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीला हात लावता येत नाही, इतकेच नव्हे तर स्वतःची खिडकी पडद्यावर कोठे आहे हेही त्याला कळू दिले जात नाही. खिडक्यांच्या जागेचा अधिकार एकट्या खिडकी-व्यवस्थापकाकडे, म्हणजे प्लाझ्मात ‘केविन’कडे, असतो. त्यामुळे जे सांगायचे ते त्यालाच सांगावे लागते.

आता विजेटविषयी. घड्याळाच्या विजेटला दर मिनिटाला चार आकडे रंगवले की काम झाले. टर्मिनलचे तसे नाही. त्याच्यासाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक आभासी टर्मिनल तयार करतो. त्याच्या एका टोकाला शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, बसते आणि दुसऱ्या टोकाला पडद्यावर अक्षरे रंगवणारा प्रोग्राम. शेलकडून नुसता मजकूर येत नाही, तर कर्सर हलवणे, रंग बदलणे, ओळ पुसणे यांचे संकेतही त्यात मिसळलेले येतात. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल-यंत्राने रूढ केलेले यांतले कितीतरी संकेत आजही जसेच्या तसे वापरात आहेत. हे सर्व समजून घेणारे, शिवाय कळफलकावरची प्रत्येक कळ स्वतःकडे घेणारे विजेट बनवता येत नाही असे नाही. परंतु प्लाझ्माची पॅनेल आणि विजेटे ‘प्लाझ्माशेल’ या एकाच प्रक्रियेत चालतात. तिच्यातले एखादे विजेट अडले तर सारी पॅनेल गोठू शकतात, आणि प्लाझ्माशेल बंद करून पुन्हा सुरू केले की तिच्या आतले टर्मिनल संपते. मग त्यातल्या शेलला हँगअपचा, म्हणजे टर्मिनल तुटल्याचा, संकेत मिळतो आणि चालू असलेले काम अर्ध्यावर थांबते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, ज्यात टाइप करायचे ते टर्मिनल प्लाझ्माशेलच्या बाहेर, स्वतंत्र खिडकी म्हणूनच चालवावे आणि त्या खिडकीला विजेटसारखे वागायला लावावे.

केविनमध्ये ही सोय आहे आणि ती वेलँडवरही चालते. सिस्टम सेटिंग्जमध्ये खिडक्यांच्या नियमांचे पान असते. तेथे नवा नियम तयार करावा आणि खिडकीचे गुणधर्म ओळखण्याच्या बटणाने आपली टर्मिनलची खिडकी निवडावी. मग जागा, आकार, सर्व खिडक्यांच्या खाली ठेवणे, शीर्षकपट्टी व चौकट काढून टाकणे, सर्व आभासी डेस्कटॉपांवर दाखवणे, टास्कबारमधून आणि ऑल्ट-टॅबच्या यादीतून वगळणे, असे एकेक गुणधर्म जोडत जावे आणि प्रत्येकापुढे सक्तीचा पर्याय निवडावा. फक्त सुरुवातीला लागू होणारा पर्याय निवडल्यास खिडकी पुढे चुकून सरकू शकते. येथे बहुतेकांची एक गफलत होते. नियम ‘कोन्सोल’ या केडीईच्या टर्मिनलच्या वर्गनावावर (खिडकी कोणत्या प्रोग्रामची हे सांगणाऱ्या नावावर) बसवला, तर आपण कामासाठी उघडाल ती कोन्सोलची प्रत्येक खिडकी तशीच शीर्षकपट्टी गमावून कोपऱ्यात जाऊन बसेल. ‘अलॅक्रिटी’ किंवा ‘किटी’ या टर्मिनलांना सुरू करतानाच खिडकीचे वेगळे वर्गनाव देता येते. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलासाठी त्यांपैकी एक वापरावे, नियम त्या वेगळ्या नावावरच बांधावा आणि ती आज्ञा आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत घालावी. खऱ्या विजेटहून एक फरक मात्र उरतो : सर्व खिडक्या बाजूला सारून डेस्कटॉप दाखवण्याची कळ दाबली, की हे टर्मिनलही त्यांच्याबरोबर जाते.

या टर्मिनलात ‘टीमक्स’ (tmux) हा प्रोग्राम चालवावा, म्हणजे खिडकी बंद झाली तरी आतले काम चालू राहते आणि नव्या खिडकीतून पुन्हा त्याला जोडून घेता येते. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याचे शेल मात्र तेथे कधीही उघडे ठेवू नये. डेस्कटॉपवर सहज केलेली एक क्लिक त्या टर्मिनलात पडते, आणि दुसरीकडे टाइप करत आहोत अशा समजुतीत दाबलेल्या कळा तेथे आज्ञा ठरतात.

आपल्याला टाइप करायचे नसून एखाद्या आज्ञेचे उत्तर, उदाहरणार्थ डिस्कवरची मोकळी जागा, नुसते पाहायचे असेल, तर टर्मिनलची गरजच नाही. ठरावीक वेळाने आज्ञा चालवून तिचे उत्तर दाखवणारी विजेटे प्लाझ्मासाठी मिळतात. त्यांच्यात चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’सारखा पूर्ण पडदा व्यापणारा प्रोग्राम चालत नाही, कारण उत्तर टर्मिनलकडे जात नाही हे त्याला कळते. मात्र ‘टॉप’ला बॅच पद्धतीचा पर्याय देऊन एकदाच उत्तर मागितले, तर तेही दिसते.

प्रश्न : मी लिनक्सवर ग्नोम हे डेस्कटॉप-वातावरण वापरते. त्यात विजेट जोडण्याची सोयच सापडत नाही. मला टर्मिनल लागते ते दिवसातून वीसेक वेळा, प्रत्येक वेळी एखाद्या मिनिटापुरते.

उत्तर : ग्नोमच्या रचनेत डेस्कटॉपवरच्या विजेटांना स्थान नाही, २०१८ च्या ३.२८ या आवृत्तीत तर डेस्कटॉपवरची चिन्हेही काढली गेली. परंतु आपल्या गरजेला विजेटपेक्षा कळ दाबताच वरून खाली उतरणारे आणि पुन्हा दाबताच नाहीसे होणारे टर्मिनल अधिक योग्य आहे. ही कल्पना १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळातल्या आज्ञापटावरून आली. म्हणूनच केडीईवरील ‘याकुआके’ आणि ग्नोमवरील ‘ग्वाके’ यांच्या नावांत तिचा ध्वनी ऐकू येतो. दोन्ही एफ१२ या कळीवर उघडतात. वेलँडवरील ग्नोममध्ये मी ‘डीडीटर्म’ हे एक्सटेन्शन सुचवेन. ग्नोमची एक्सटेन्शने, म्हणजे जोड-प्रोग्राम, ग्नोम शेलच्या (ग्नोमचा पडदा आणि खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) आतच चालतात आणि वेलँडवर ते शेल कोसळले तर सर्व उघडे प्रोग्राम त्याच्याबरोबर जातात. डीडीटर्ममध्ये मात्र एक्सटेन्शन केवळ खिडकी वरखाली करते आणि टर्मिनल स्वतंत्र प्रक्रियेत चालते.