न्यू जर्सीत अकरावीनंतरच हायस्कूल संपवून प्री-मेडला जावं का?

तुमची लेक बारावी गाळून एक वर्ष वाचवू म्हणतेय, पण पुढचा रस्ता बघा: ४ वर्षं कॉलेज (मेडिकलची तयारी म्हणून केलं की तेच प्री-मेड), एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, ४ वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण कमीत कमी ३ वर्षं, न्यूरोसर्जरी असेल तर ७. एवढ्या लांबच्या प्रवासात एक वर्ष म्हणजे काहीच नाही. शिवाय इथली बरीच मुलं कॉलेजनंतर मुद्दामच एखादं वर्ष थांबतात, म्हणजे वाचवलेलं वर्ष तिथेच जायचं.

माझी भाची सोळाव्या वर्षी कॉलेजात गेली. मार्क झकास. हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर व्हायला गेली, तर अठराच्या आत वॉर्डात पाय ठेवायचा नाही असा तिथला नियम. वर्षभर गिफ्ट शॉपच्या गल्ल्यावर बसून 'गेट वेल सून'चे फुगे विकले पोरीने! मेडिकल स्कूलला दाखवायला वॉर्डातला अनुभव शून्य.

ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या पीएलएमईसारख्या, कॉलेज आणि मेडिकल स्कूल एकत्र असलेल्या आठ वर्षांच्या प्रोग्रामवर डोळा असेल तर घाई नकोच. तो अर्ज हायस्कूलमधूनच करायचा असतो आणि लेकीकडे दाखवायला एक वर्ष कमी असेल.

शाळेत शिकण्यासारखं खरंच काही उरलं नसेल, पोरगी स्वतःहून कम्युनिटी कॉलेजचे वर्ग करत असेल, तर मात्र जाऊ द्या. फक्त आधी शाळेच्या काउन्सेलरला गाठा. राज्याच्या नियमाने हायस्कूल पास व्हायला किमान १२० क्रेडिट लागतात, त्यांत इंग्रजीची २०. चौथ्या वर्षाचं इंग्रजी उन्हाळ्यात उरकता येतंय का, ते पहिलं विचारा.