टेलिफोटो लेन्ससाठी वापरलेला गिंबल हेड घ्यावा का? घेताना काय तपासावं?

जरूर घ्या. गिंबल हेड म्हणजे ट्रायपॉडवर बसवायचा, जड लेन्स तोलून धरणारा आणि सहज फिरवू देणारा आधार. यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नसतं. चांगल्या बनावटीचा हेड वर्षानुवर्षं टिकतो. खरा कस बेअरिंगचा लागतो. दोन्ही नॉब पूर्ण सैल करून हेड आडवा आणि वर-खाली अगदी हळू फिरवा. कुठे खरखर, अडखळ किंवा एखाद्या जागी जडपणा जाणवला तर आत वाळू गेली असेल किंवा बेअरिंग झिजलं असेल. मग नॉब घट्ट करून हेडचा लेन्स धरणारा हात हलवून बघा. तरीही तो डुगडुगला तर सरळ नको म्हणा, कारण ६०० मिमीच्या लेन्सवर तेवढी हालचालसुद्धा फोटो बिघडवते.

शक्य असेल तर स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स घेऊनच जा. लेन्स पुढे-मागे सरकवून तोल साधा आणि नॉब सैल सोडा. वर किंवा खाली वळवलेली लेन्स तिथेच थांबली पाहिजे. विकणाऱ्याच्या फोटोंवरून हे कळत नाही, म्हणून न बघता घेऊ नका.

लेन्सची प्लेट पकडणारा क्लॅम्प आर्का-स्विस पद्धतीचा (सर्वाधिक चालणाऱ्या प्लेटच्या मापाचा) आहे ना, आणि तळाचे ३/८ इंची आटे शाबूत आहेत ना, तेही पाहा. रंगावरचे ओरखडे मात्र खुशाल सोडून द्या.