‘गुण’ किती पेडांचा?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘उंची अनुवांशिक असते’ हे बरोबर की ‘आनुवंशिक असते’? आणि ‘उंचीचं जनुक’ म्हटलेलं चालेल का?

पहिल्याचं उत्तर: आनुवंशिक. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’, ‘इ’चा ‘ऐ’ असा. समाज–सामाजिक, अध्यात्म–आध्यात्मिक, तसंच अनुवंश–आनुवंशिक. ‘पारलौकिक’सारख्या शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते हे खरं, पण तिथेही पहिलं पद सुटत नाही. ‘अनुवांशिक’मध्ये नेमकं तेच सुटलंय. ‘रूढ झालंय, आता चालू द्या’ म्हणणाऱ्या जाणकारांचं मला अजिबात पटत नाही. रूढीने अर्थ बदलतो, नवा अर्थ आला तर स्वागतच आहे. इथे नवं काहीच आलेलं नाही, एक काना चुकीच्या अक्षरावर गेलाय एवढंच.

‘उंचीचं जनुक’ मात्र फार टोचतं. तसंच ‘हुशारीचं जनुक’, आणि ‘बापाची गुणसूत्रं उतरली’ हेही. गुणसूत्र म्हणजे पेशीतला डीएनएचा एक लांब धागा, आणि जनुक म्हणजे त्या धाग्याचा एक तुकडा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ आणि प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे वीस हजार. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. आणि उंचीचं एक जनुक नसतंच. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी संबंध असलेली १२,१११ ठिकाणं सापडली. त्यातल्या बहुतेक ठिकाणांचा वाटा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी.

आता मला खरं जे सांगायचंय ते. गुणसूत्राला इंग्रजीत ‘क्रोमोसोम’ म्हणतात. तो शब्द वाल्डेयर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८८८ साली केला. ग्रीकात त्याचा अर्थ रंगीत काया, कारण ती वस्तू रंग धरायची. मराठीने रंग सोडला आणि ‘गुण’ घेतला. याची फोड सगळे ‘गुण वाहणारं सूत्र’ अशी करतात. पण संस्कृतात गुण म्हणजेच दोरा, दोरीचा पेड! धनुष्याची दोरीही गुणच. द्विगुण म्हणजे दुपेडी, त्यावरून दुप्पट, आणि तोच द्विगुण आपण लहानपणी ‘बे दुणे चार’मध्ये घोकलेला आहे. अख्खा गुणाकार दोरीच्या पेडांतून निघालाय.

काही कोशांत ‘धर्म, लक्षण’ हा अर्थ आधी आणि ‘दोरी’ नंतर दिलेली दिसते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. अथर्ववेदात नऊ दारांचं एक कमळ आहे, ‘त्रिभिर्गुणेभिरावृतम्’, म्हणजे तीन गुणांनी वेढलेलं. त्यात लगेच सत्त्व, रज, तम वाचणारे भाष्यकार घाई करतात. ‘आवृतम्’ आहे ना, मग आधी दोऱ्याचे वेढे बघा! वस्तू ज्या पेडांनी वळली गेली ते तिचे गुण. स्वभाव, लक्षण हे अर्थ तिथून पुढचे. माझं हे मत कुणी खोडून काढेपर्यंत मी सोडणार नाही.

आणि विज्ञानही तेच सांगतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यात उंच आणि बुटकी अशा दोनच जाती दिसल्या, म्हणून पुढे कित्येकांना वाटलं की सलग बदलणाऱ्या गुणांना त्याचे नियम लागू नाहीत. १९०९ साली स्वीडनच्या निल्सन-एहले यांनी गव्हाच्या दाण्याचा लाल रंग तपासला. एका संकरात ६३ लाल दाण्यांमागे एक पांढरा निघाला. जनुकांच्या तीन जोड्या, प्रत्येकीची थोडी थोडी भर, म्हणून लाल रंगाच्या एकाहून एक गडद छटा. १९१८ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी गणिताने दाखवलं की असे पेड पुष्कळ झाले, वर परिस्थितीचा फरक मिसळला, की पायऱ्या दिसेनाशा होतात आणि सलग चढण उरते. ‘बहुजनुकीय’ला मी म्हणूनच ‘बहुपेडी’ म्हणेन.

परिस्थितीचा पेड तर आपल्या म्हणीतच आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे वर्ण. कातडीचा रंग शेजाराने बदलत नाही, वागणं बदलतं. संगतीच्या उपदेशासाठी ही म्हण वापरून वापरून लोकांनी तिच्यातला हा भेद पुसून टाकलाय. बियाण्याचं ‘वाण’ही मी याच घरातलं मानतो. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं: एकाच शुद्ध वाणाच्या बिया लहानमोठ्या निघतात, पण त्यातल्या मोठ्या निवडून पेरल्या तरी पुढची पिढी सरासरीने मोठी होत नाही. वाण एकच, वाट्याला आलेली जागा आणि पोषण वेगळं. याच योहान्सननी १९०९ साली ‘जीन’ (आपलं जनुक) हा शब्द दिला, आणि त्यामागचा ग्रीक धातू आपल्या ‘जन्’चा सख्खा भाऊ आहे.

तेव्हा ‘उंची ८० टक्के आनुवंशिक’ हे वाक्य जपून वापरा. १७० सेंटीमीटरपैकी १३६ आईबापांचे आणि ३४ वरणभाताचे, असा त्याचा अर्थ नाही. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के फरक जनुकांतल्या फरकामुळे, एवढाच अर्थ. समाज बदलला की आकडाही बदलू शकतो. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या सरासरीने सुमारे २० सेंटीमीटर उंच भरल्या, आणि शंभर वर्षांत जनुकं काही एवढी बदलत नाहीत.